एलिस आयलंडवर नाव बदललंच नव्हतं, हे सासऱ्यांना सांगायचं कसं?

पत्राचा सारांश : अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या मूळच्या सांगलीकडच्या, लग्नानंतर डेव्हनपोर्टजवळ स्थायिक झालेल्या. नवरा जर्मन वंशाचा, आडनाव स्मिथ. सासरे येत्या वर्षी ऐंशी पूर्ण करतील. घरात चालत आलेली गोष्ट अशी, की सासऱ्यांचे पणजोबा हाइन्रिश श्मिट १८८१ साली हॅम्बर्गहून न्यूयॉर्कला आले आणि एलिस आयलंडवरच्या, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावरच्या, अधिकाऱ्याने त्यांच्या 'श्मिट'चं 'स्मिथ' करून टाकलं. हाइन्रिश १९२७ च्या सुमारास वारले. वाढदिवसाला त्यांच्या जहाजाच्या प्रवासी यादीचं पान फ्रेम करून द्यावं, अशी या भगिनीची इच्छा आहे. १८८१ साल चुकीचं असेल असं समजून त्यांनी १८९२ नंतरच्या याद्या पालथ्या घातल्या; काही सापडलं नाही. १८८१ च्या एका यादीत मात्र 'एच. श्मिट, वय २४, शेतकरी, जर्मनी' अशी नोंद आहे. नणंदेने ती ऑनलाइन वंशावळीत जोडूनही टाकली. तिच्या मते बाकीचे कागद एलिस आयलंडच्या आगीत जळाले, आता यापुढे काही मिळणार नाही. नवरा म्हणतो, "तुला कशाला ही उठाठेव?" प्रश्न तीन : हेच पान फ्रेम करावं का? खरं जहाज शोधायचं कसं? आणि सुनेने यात पडावं का?

प्रिय मैत्रिणी,

तिसरा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलात, पण मला वाटतं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय. म्हणून त्याचं उत्तर आधी. हाइन्रिश तुमच्या मुलांच्या रक्ताचे पूर्वज आहेत; मुलांची आई त्यांचा शोध घेते यात आगाऊपणा कसला? शिवाय बाहेरून आलेल्या माणसाला एक सोय असते. घरातली माणसं ज्या गोष्टी लहानपणापासून ऐकतात त्यांवर त्यांना प्रश्न पडत नाहीत, तुम्हाला पडतात. नवऱ्याच्या 'उठाठेव' या शब्दाकडेही मी फार लक्ष देणार नाही. तो नको म्हणत नाहीये, त्याला कंटाळा आलाय इतकंच. संध्याकाळच्या जेवणाला रोज श्मिट घराणं वाढलं तर कुणालाही येईल.

आता मुख्य मुद्दा. घरच्या गोष्टीत दोन तपशील आहेत, १८८१ साल आणि एलिस आयलंड. हे दोन्ही एकत्र खरे असू शकत नाहीत, कारण एलिस आयलंडचं केंद्र १ जानेवारी १८९२ रोजी सुरू झालं. तुम्हाला ही विसंगती जाणवली, हे तुमच्या पत्रावरून दिसतं. पण तुम्ही साल सोडलंत आणि जागा धरून ठेवलीत. मी उलट केलं असतं. साल घरातल्या कुणीतरी मोजून सांगितलेलं असतं : मोठा मुलगा झाला त्याच्या किती वर्षं आधी, लग्नाच्या किती आधी. जागेचं नाव मात्र नंतर चिकटतं. एलिस आयलंड इतकं प्रसिद्ध झालं, की त्याच्या आधी आलेल्यांचे वंशजही आपला माणूस तिथेच उतरवतात. १८५५ पासून १८९० पर्यंत न्यूयॉर्कला येणारे लोक मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला कॅसल गार्डनमध्ये उतरत. हाइन्रिश न्यूयॉर्कला आले असतील तर बहुधा तिथेच.

आगीबद्दलही तसंच. १५ जून १८९७ ला एलिस आयलंडच्या लाकडी इमारती खरोखर जळाल्या आणि त्यांत कॅसल गार्डनच्या काळातलं बरंच दप्तर गेलं. पण प्रवासी याद्यांचा दुसरा संच वेगळ्या ठिकाणी होता. १८१९ च्या कायद्यानुसार १८२० पासून प्रत्येक जहाजाच्या कप्तानाला प्रवाशांची यादी बंदरातल्या सीमाशुल्क अधिकाऱ्याकडे द्यावी लागे. न्यूयॉर्कच्या त्या याद्या टिकल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्यांचे मायक्रोफिल्म आहेत, आणि आज त्या ऑनलाइन शोधता येतात. तुम्हाला मिळालेला 'एच. श्मिट' अशाच एका यादीतला असणार. म्हणजे नणंदेने जोडलेलं पान तिच्याच आगीच्या युक्तिवादाला खोडून काढतं! (हे तिला लगेच सांगू नका.)

मग तोच आपला हाइन्रिश का नसावा? असूही शकेल. पण १८८१ मध्ये दोन लाखांहून अधिक जर्मन अमेरिकेत आले आणि १८८२ मध्ये सुमारे अडीच लाख. श्मिट हे त्यांच्यातल्या सर्वांत सामान्य आडनावांपैकी एक, शेतकरी हा याद्यांत नेहमी दिसणारा व्यवसाय, आणि चोविशीचा अविवाहित पुरुष हा तर ठरलेला प्रवासी. त्या नोंदीत गाव नाही, पूर्ण नाव नाही, सोबत कोण होतं ते नाही. १८९३ पूर्वीच्या अमेरिकन याद्या बहुतेक इतक्याच मोघम असतात : नाव, वय, लिंग, धंदा, देश. कुणाकडे चाललात, नातेवाईकाचा पत्ता काय, असे प्रश्न १८९३ पासून आले. जन्मगाव त्याच्याही नंतर. त्यामुळे १८८१ च्या अमेरिकन यादीवरून माणूस ओळखता येत नाही. आधी माणसाची ओळख पक्की करायची आणि मग ती यादीशी ताडून पाहायची. हेच पान फ्रेम करू नका, असं मी म्हणते ते एवढ्यासाठी. आणि वंशावळीत ते जोडलेलं आहे हा पुरावा धरू नका. अशा वंशावळी एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, दहा ठिकाणी तेच दिसलं तरी मूळ एकच असतं.

तर शोध जहाजापासून सुरू न करता हाइन्रिशच्या मरणापासून सुरू करा आणि मागे मागे जा. आयोवात राहता हे तुमचं भाग्य आहे, कारण या राज्याने स्वतःच्या जनगणना घेतल्या आणि त्या फार बोलक्या आहेत. १९१५ च्या राज्य जनगणनेत प्रत्येक माणसाचं स्वतंत्र कार्ड आहे. त्यावर तो अमेरिकेत किती वर्षं आहे, आयोवात किती वर्षं आहे, हे विचारलेलं आहे. १९२५ च्या राज्य जनगणनेत तर प्रत्येकाच्या आईवडिलांची नावं आहेत, आईच्या माहेरच्या आडनावासकट. तुमचे हाइन्रिश १९२७ च्या सुमारास वारले. म्हणजे १९२५ साली ते स्वतः घरात असतील, आणि त्यांच्या ओळीत त्यांच्या जर्मनीतल्या आईवडिलांची नावं असतील. मला विचाराल तर आधी हे एक पान मिळवा. जहाजाच्या यादीपेक्षा मी ते सासऱ्यांच्या हातात आधी ठेवीन.

त्यासोबत १९०० ची केंद्रीय जनगणना पाहा. तिच्यात जन्माचा महिना आणि वर्ष, अमेरिकेत आल्याचं वर्ष आणि नागरिकत्वाची स्थिती आहे. १९१० आणि १९२० मध्येही येण्याचं वर्ष विचारलेलं आहे, आणि १९२० मध्ये नागरिकत्व मिळाल्याचं वर्षही. तिन्ही ठिकाणी एकच साल मिळेल अशी अपेक्षा करू नका. एक-दोन वर्षं इकडेतिकडे होतातच, कारण दारात आलेल्या गणकाला उत्तर कुणी दिलं हे आपल्याला ठाऊक नसतं. १८९० ची जनगणना शोधण्यात वेळ घालवू नका. ती १९२१ च्या आगीत आणि नंतरच्या हेळसांडीत जवळपास सगळी गेली. नागरिकत्वाचे कागद १९०६ च्या सप्टेंबरआधी कुठल्याही न्यायालयात होत असत आणि त्यांत 'जर्मनीच्या सम्राटाशी असलेली निष्ठा सोडतो' यापलीकडे बहुधा काही नसतं. मिळाले तर घ्या, नाही मिळाले तर अडून बसू नका.

याच कागदांतून नावाचं कोडंही सुटेल, आणि ते जरा नाजूक आहे. बंदरावरच्या अधिकाऱ्याने नाव बदलल्याची गोष्ट अमेरिकेत लक्षावधी घरांत सांगितली जाते. प्रत्यक्षात यादी जहाज कंपनीची माणसं निघतानाच्या बंदरात लिहीत, आणि उतरल्यावर अधिकारी त्याच यादीवरून नाव वाचून खातरजमा करत. नवं नाव देण्याची तिथे कुणाला गरजही नव्हती आणि अधिकारही नव्हता. मग श्मिटचे स्मिथ कधी झाले? १९१५ च्या कार्डावर काय आहे ते पाहा. हाइन्रिशचा मुलगा, म्हणजे सासऱ्यांचे आजोबा, १८८५ च्या आसपास जन्मले असतील तर सप्टेंबर १९१८ मध्ये त्यांना लष्करी नोंदणी करावीच लागली असेल. तेव्हा अठरा ते पंचेचाळीस वयाच्या सगळ्या पुरुषांची नोंदणी झाली. त्या कार्डावर माणसाची स्वतःची सही असते. १९१५ चं कार्ड, १९१८ ची सही आणि १९२० ची जनगणना शेजारी शेजारी ठेवा, नाव कोणत्या वर्षांच्या दरम्यान बदललं ते दिसेल.

माझा अंदाज १९१८ चा आहे. कारण सांगते. अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली होती. २३ मे १९१८ रोजी आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढलं, की शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, रेल्वेत, अगदी टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही. तुमच्याच स्कॉट काउंटीत फोनवर जर्मन बोलल्याबद्दल काही बायकांना दंड झाला. डेव्हनपोर्टचं 'डेर डेमोक्राट' हे जर्मन वर्तमानपत्र १८५१ पासून चालत आलेलं होतं, तेही १९१८ मध्ये बंद पडलं. त्या हवेत कितीतरी श्मिट स्मिथ झाले, म्युलर मिलर झाले. त्यासाठी न्यायालयात जावं लागत नसे. नवं नाव वापरायला सुरुवात केली की झालं. म्हणून त्याचा कागद सापडत नाही.

अंदाज खरा निघाला तर सासऱ्यांना काय सांगायचं? तुमची गोष्ट खोटी आहे, असं सांगू नका. भीतीपोटी नाव बदलावं लागलं हे मुलांना सांगण्यापेक्षा एखाद्या बिनचेहऱ्याच्या अधिकाऱ्यावर ढकलणं त्या पिढीला सोपं गेलं असेल, हे समजण्यासारखं आहे. सासरे १९४५ च्या आसपास जन्मले, म्हणजे दुसरं महायुद्ध संपता संपता. त्यांच्या लहानपणीही घरात जर्मनीबद्दल मोकळेपणी बोललं जात नसणार. तेव्हा वाढदिवसाच्या भर समारंभात हा विषय काढू नका. त्याआधी कधीतरी दुपारी त्यांच्याशी बसा, कार्डाची प्रत दाखवा आणि विचारा, "आजोबांची सही ओळखता का?" पुढचं ते बोलतील, किंवा बोलणार नाहीत. दोन्ही त्यांच्या मर्जीवर सोडा. बोलले तर आजी-आजोबा घरात कुठली भाषा बोलायचे ते नक्की विचारा. स्कॉट काउंटीत जर्मनीच्या उत्तर टोकाच्या श्लेस्विग-होल्स्टाइन भागातले लोक फार मोठ्या संख्येने आले. ते घरात 'प्लाट' म्हणजे उत्तरेकडची बोली बोलत. सासऱ्यांना तिच्यातले चार शब्द जरी आठवले तरी शोधाला दिशा मिळेल.

त्या दिशेला एक अडचण आहे, ती आधीच सांगून ठेवते. श्लेस्विग-होल्स्टाइन १८६४ पर्यंत डेन्मार्कच्या राजाकडे होतं, १८६७ पासून ते प्रशियाचा प्रांत झालं, १८७१ मध्ये जर्मन साम्राज्यात गेलं. त्यामुळे एकाच माणसाचं जन्मस्थान एका कागदावर डेन्मार्क, दुसऱ्यावर होल्स्टाइन, तिसऱ्यावर प्रशिया आणि चौथ्यावर जर्मनी असं दिसलं तर ही चार वेगवेगळी माणसं समजू नका. नावाचंही तसंच : हाइन्रिशचं तिकडचं बोली रूप 'हिन्रिश'. जर्मन मुलांना दोन-तीन नावं ठेवत आणि हाक मात्र एकाच नावाने मारत, त्यामुळे आपले हाइन्रिश यादीत 'योहान हिन्रिश' म्हणून किंवा नुसते 'योहान' म्हणून बसलेले असू शकतात. श्मिटचं स्पेलिंग शेवटी 'टी', 'डीटी', दोन 'टी' किंवा नुसता 'डी' असं कसंही सापडेल.

आता जहाज. इथे हॅम्बर्गचा धागा तुमच्या बाजूने आहे. हॅम्बर्गहून निघणाऱ्यांच्या याद्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या टिकल्या आहेत, पहिल्या महायुद्धाची वर्षं सोडून. त्या निघतानाच्या याद्या असल्यामुळे त्यांत अमेरिकन यादीत नसलेली गोष्ट असते : प्रवाशाचं शेवटचं राहतं गाव. लक्षात ठेवा, शेवटचं राहतं. जन्माचं असेलच असं नाही. होल्स्टाइनचा शेतगडी चार गावं पलीकडे कामाला असू शकतो.

हॅम्बर्गच्या याद्यांचे दोन प्रकार आहेत. थेट अमेरिकेला जाणाऱ्यांची एक, आणि वाटेत दुसऱ्या बंदरात जहाज बदलणाऱ्यांची दुसरी. बरेच लोक हॅम्बर्गहून इंग्लंडमधल्या हलला जात, तिथून रेल्वेने लिव्हरपूल आणि तिथून दुसऱ्या जहाजाने न्यूयॉर्क. हा प्रवास स्वस्त पडे. अशा माणसाची अमेरिकन नोंद लिव्हरपूलहून आलेल्या जहाजावर सापडते. 'हॅम्बर्ग ते न्यूयॉर्क' एवढंच टाकून शोधणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. तुमचं तसं झालेलं असू शकतं.

श्मिट शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई, म्हणून श्मिटला शोधूच नका. हाइन्रिशच्या बायकोचं माहेरचं आडनाव काय होतं? १९२५ च्या जनगणनेत त्यांच्या मुलाच्या ओळीत ते मिळेल. ते जर जरा वेगळं असेल तर तिचं कुटुंब कुठून, कोणत्या जहाजाने आलं ते शोधा. लग्नं बहुधा आपल्याच भागातल्या माणसांत होत. हाइन्रिशचे भाऊ, बहिणी, लग्नातले साक्षीदार, शेजारचा शेतकरी, यांच्यापैकी ज्याचं नाव सर्वांत दुर्मीळ त्याच्यापासून सुरुवात करा. आणि संभाव्य श्मिट सापडला की त्याच्या वरची-खालची दहा-बारा नावं वाचा. एकाच गावची पोरं एकत्र निघत. त्या नावांपैकी दोन-तीन पुढे डेव्हनपोर्टच्या जनगणनेत दिसली, तर तुमचा माणूस बहुतेक सापडला.

एवढं करूनही तो मिळाला नाही तर? 'हॅम्बर्ग' हाही घरच्या गोष्टीतलाच तपशील आहे, हे विसरू नका. ब्रेमेन या दुसऱ्या जर्मन बंदरातून निघाले असतील तर तिथल्या याद्या नाहीत. जागा नाही म्हणून तिथल्या कचेरीने १८७५ पासून तीन वर्षांहून जुन्या याद्या नष्ट करायला सुरुवात केली, उरल्यासुरल्यांपैकी बऱ्याच दुसऱ्या महायुद्धात गेल्या. वाचल्या त्या मुख्यतः १९२० ते १९३९ च्या. ब्रेमेनची जहाजं १८६८ पासून बाल्टिमोरलाही येत. तिथे धक्क्यावरूनच रेल्वे मिळायची, म्हणून मध्य-पश्चिमेकडे जाणाऱ्यांना ते सोयीचं होतं. तेव्हा न्यूयॉर्कवर अडून न राहता बाल्टिमोरच्या याद्याही एकदा बघा.

पण ताई, जहाज मिळालं नाही तरी चालेल असं मला खरंच वाटतं. त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे गेलात, तर ते पहिल्यांदा मूळ गाव आणि आडनाव विचारतात. गाव कळलं की वही निघते आणि सात पिढ्या समोर येतात. जर्मनीतही चर्चची दप्तरं गावानुसार आहेत. गाव कळलं की जहाज कुठलं याने फारसा फरक पडत नाही, आणि जहाज कळूनही गाव कळलं नाही तर तुम्ही समुद्राच्या अलीकडेच अडकलेल्या असता. होल्स्टाइनच्या बाबतीत एक वाट आणखी आहे. डॅनिश राजवटीत तिथे १८६० साली जनगणना झाली होती. तिथल्या हौशी मंडळींनी त्या काळातल्या जनगणनांचं बरंच काम 'एकेव्हीझेड' नावाच्या संकेतस्थळावर उतरवून ठेवलं आहे. सगळी गावं अजून झालेली नाहीत. १८८१ साली चोवीस वर्षांचा, म्हणजे १८५७ च्या सुमारास जन्मलेला हाइन्रिश त्यात तीनेक वर्षांचा असेल, आईवडिलांसोबत. १९२५ च्या पानावरची आईवडिलांची नावं तिथे जुळली, तर अमेरिकेतला हाइन्रिश आणि होल्स्टाइनचा हाइन्रिश एकच आहेत, हे तुम्ही मधल्या जहाजाशिवाय सिद्ध केलेलं असेल.

अमेरिकेतल्या चर्चची नोंद पाहा, असा सल्ला सर्रास दिला जातो, कारण जर्मन पाद्री बाप्तिस्मा-मृत्यूच्या नोंदीत मूळ गाव लिहीत. इतर राज्यांतल्या वाचकांनी तो जरूर पाळावा. डेव्हनपोर्टचे बरेच जर्मन मात्र धर्म न मानणारे, मुक्तविचारी होते. चर्चऐवजी व्यायामशाळा आणि मंडळं हे त्यांचं जग होतं. म्हणून चर्चमध्ये काही मिळालं नाही तर जुन्या जर्मन वर्तमानपत्रातल्या मुलाबाळांच्या लग्नाच्या, नातलगांच्या मृत्यूच्या बातम्या, स्मशानभूमीची वही आणि मंडळांची दप्तरं बघा. डेव्हनपोर्टच्या सार्वजनिक ग्रंथालयात स्थानिक इतिहासाचा मोठा स्वतंत्र विभाग आहे. तिथल्या लोकांना जाऊन भेटा. वर्गणीवाली संकेतस्थळं स्वतःच्या पैशाने घेण्याआधी ग्रंथालयात ती फुकट वापरता येतात का तेही विचारा. फॅमिलीसर्च हे वंशावळ शोधण्याचं संकेतस्थळ तर मोफतच आहे.

नणंदेबद्दल. तिची चूक काढायला गेलात तर शोध तिथेच थांबेल आणि भांडण सुरू होईल. तिला काम द्या. ती श्मिटांची लेक आहे. घरातल्या जुन्या पेट्या, बायबल, छायाचित्रांच्या पाठी ज्या तुम्हाला कुणी उघडून देणार नाही त्या तिला मिळतील. हाइन्रिशच्या बायकोचं माहेर शोधायचं काम तिच्याकडे सोपवा. ते सापडलं की 'एच. श्मिट'ची नोंद टिकते की गळते हे तिचं तिलाच दिसेल.

वाढदिवसापर्यंत जेवढं पक्कं होईल तेवढंच द्या. १९२५ चं पान आणि १९१८ ची सही एवढं मिळालं तरी ती भेट भरपूर झाली. जहाज मिळालंच तर त्याचं चित्र लावण्याआधी एक काळजी घ्या. हॅम्बर्गच्या कंपन्या तीच नावं पुन्हा पुन्हा वापरत; 'हॅमोनिया' नावाची जहाजं एका कंपनीची एकामागून एक तीन झाली. चित्राखालचं बांधणीचं वर्ष तपासा. आणि यादीचं पान छापताना फक्त नावाची ओळ कापून घेऊ नका. जहाजाचं नाव, कप्तानाची सही आणि तारीख असलेलं पहिलं पान आणि हाइन्रिशचं नाव असलेलं पान, दोन्ही पूर्ण छापा. फ्रेमच्या मागे कोणत्या अभिलेखागारातून, कोणत्या फिल्मवरून, कितव्या पानावरून ते घेतलं हे पेन्सिलीने लिहून ठेवा.